आईबाबांचं घर मोकळं करताना: आधी फोन, मग पोतं

ताई, तुमच्यापुढचा पेच मला चांगलाच ठाऊक आहे. आईबाबा गेले, घर तीन महिन्यांत मोकळं करायचंय, भाऊ म्हणतो सगळं उचलून एखाद्या संस्थेला देऊन टाकू, आणि तुमचा मात्र एकेका वस्तूवर हात अडकतो. मी हे दोनदा केलंय, आधी सासरचं घर आणि नंतर माहेरचं.

पहिल्या खेपेला मी घाई केली. कपाटं उपसली, आठ पोती भरली आणि न विचारता एका संस्थेच्या दारात नेऊन ठेवली. पंधरा दिवसांनी तिथे गेले तेव्हा निवडायला बसलेल्या बाईंनी एक पोतं उघडून दाखवलं. तळाशी एक ओलसर टॉवेल राहून गेला होता. कुबट वास, आणि सासूबाईंनी स्वतः विणलेल्या शालीवर बुरशीचे काळे ठिपके. बाई मला काहीच बोलल्या नाहीत, पोतं फक्त टाकायच्या ढिगाकडे सरकवलं. ती शाल कुणाच्यातरी अंगावर ऊब देत राहिली असती. आजही आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून आधी फोन करा. दोन-तीन ठिकाणी विचारा: सध्या कशाची गरज आहे, काय घेत नाही, न्यायला गाडी येते का. उत्तरं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा आणि मगच आवरायला घ्या. असं केलं की प्रश्नच बदलतो. ‘हे ठेवू की टाकू?’ याचं उत्तर देताना मन थकतं. ‘हे कुणाच्या उपयोगी पडेल?’ हे ठरवणं पुष्कळ सोपं जातं.

कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, खिसे तपासूनच भरा. खिसे खरंच तपासा. बाबांच्या कोटात मला त्यांच्याच अक्षरातली घडी घातलेली चिठ्ठी सापडली, नुसती किराणा सामानाची यादी, पण ती आता माझ्याकडे आहे. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा, नाहीतर जोडी फुटते आणि दोन्ही बूट वाया जातात. पोत्यावर बाहेरून लिहा: पुरुषांचे, मोठं माप, गरम कपडे. तुमच्या दहा मिनिटांनी तिथल्या माणसांचा तासभर वाचतो. आतले कपडे द्यायचेच असतील तर फक्त कोरे. विरलेल्या चादरी आणि टॉवेल माणसांना देऊ नयेत, पण प्राण्यांच्या निवाऱ्यांत त्यांचा चांगला उपयोग होतो. विचारून पाहा.

आजारपणातलं सामान सगळ्यात आधी बाहेर काढा. चाकांची खुर्ची, वॉकर, काठी, कमोडची खुर्ची, यांची वाट पाहणारं घर जवळपास असतंच. ब्रेक आणि रबरी बूच तपासा, स्वच्छ पुसून द्या. चष्मे फेकू नका, लायन्स क्लब जुने चष्मे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवतो. उरलेली औषधं मात्र दान करू नका. औषधदानाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची १९९६ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि रुग्णाला दिलेली औषधं परत घेऊन पुढे देऊ नयेत, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. ती कशी ठेवली गेली, याची खात्री कुणालाच देता येत नाही.

जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं रद्दीत. फुगलेल्या बॅटरीचा फोन पोत्यात नको, आग लागू शकते. चालू फोन देताना आधी खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. संगणकातल्या फाइली नुसत्या डिलीट करून पुसल्या जात नाहीत, जाणकाराकडून डिस्क पूर्ण पुसून घ्या.

आता भावाबद्दल. तुम्ही दोघांनी एक तारीख ठरवा. तोवर ज्याला जे हवं त्यावर त्याने आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठी नसलेलं तारखेनंतर दानात. एकच वस्तू दोघांना हवी असेल तर तिच्यावरून त्याच दिवशी भांडू नका, बाजूला ठेवा आणि शेवटी बोला. परस्पर दिलेली एक किरकोळ वस्तू वर्षानुवर्षं बोचत राहते.

हात अडकतो त्यात तुमची काही चूक नाही. काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये साधे मग घेऊन प्रयोग केले होते. हातात आलेल्या मगाची किंमत लोक विकत घेणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट सांगत होते. नुसत्या मगाचं असं, तर आईच्या डब्याचं काय होणार! फोटो काढा, हा उपाय मला लागू पडला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत याच उपायाचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे ‘आठवणीच्या वस्तूचा फोटो काढा, मग ती द्या’ असं सुचवलं होतं तिथे ६१३ वस्तू दानात आल्या, इतर ठिकाणी ५३३. मी फोटोखाली एक-दोन ओळीही लिहिते, ती वस्तू कुठे असायची, कोण वापरायचं.

सुरुवात चादरी-टॉवेलांच्या कपाटापासून करा, तिथे मन कमी गुंततं. आईचं कपाट शेवटी उघडा आणि त्या दिवशी एकट्या बसू नका, भावाला बोलवा. संस्थेचे फोन झाले की काय हवंय म्हणाले ते कळवा, मग कशात काय भरायचं ते आपण मिळून ठरवू.