माध्यम बदलता ते नेमकं कधी?

‘एक काहीतरी धर आणि त्यात टिक’ या सल्ल्याने बेजार झालेले कलाकार आणि डिझायनर समुपदेशनासाठी माझ्याकडे बरेच येतात. सल्ला कधी घरच्यांचा असतो, कधी एखाद्या ज्येष्ठाचा, पण बहुतेकदा तो त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला असतो. इथे सांगतेय ती त्यातल्या एकीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहिण्यासाठी तिची परवानगी घेतली आहे.

पोटापाण्यासाठी ती ग्राफिक डिझाइन करते. शिवाय सिरॅमिक, छापचित्रं, कापडावरचं टाक्यांचं काम, आणि अलीकडे ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून केलेले प्रयोग. एका निवासी कार्यशाळेसाठी अर्ज भरताना ‘आपल्या कामाचं स्वरूप दोन ओळींत लिहा’ या रकान्यापाशी ती अडली आणि अडूनच राहिली. “एक ना धड भाराभर चिंध्या, असं घरी म्हणतात. मॅडम, आता मलाही ते खरं वाटायला लागलंय. मला एडीएचडी तर नसेल?”

हा प्रश्न हल्ली फार जण विचारतात आणि तो हसण्यावारी नेऊ नये. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असेल तर त्याच्या खुणा लहानपणापासून असतात आणि त्या एकाच कोपऱ्यात राहत नाहीत. बिलं, भेटीच्या वेळा, गप्पा, सगळीकडे दिसतात. उत्साहाच्या भरात एकामागून एक कामं सुरू होत असतील, झोप कमी होऊनही थकवा येत नसेल, पैसे बेफाम खर्च होत असतील, तर वेगळी शंका घ्यावी लागते. अशा वेळी मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. हिच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. झोप व्यवस्थित, बिलं वेळेवर, आणि क्लायंटचं एकही काम तिने रखडवलेलं नव्हतं. अर्धवट राहायचं ते फक्त तिचं स्वतःचं काम. मला तिथेच थांबून बघावंसं वाटलं.

अशा वेळी लोक अनेक विषयांत हात घालणाऱ्या लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण काढतात. मला ते आवडत नाही. एक तर त्याचीही कितीतरी कामं अपुरी राहिली, आणि एवढ्या उंचीशी तुलना करून कुणाचंच भलं होत नाही. मी तिच्याशी सत्यजित राय यांच्याबद्दल बोलले. १९४३ मध्ये ते जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून लागले, पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागले. ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं त्यांनी काढली, आणि त्या गोष्टीने त्यांना सोडलंच नाही. चित्रपट करायला घेतला तेव्हा रूढ पटकथेऐवजी त्यांच्याकडे शाईने रेखाटलेली दृश्यं होती. चित्रपट १९५५ मध्ये आला. १९६१ पासून आपल्या चित्रपटांचं संगीतही ते स्वतः करू लागले. इसामु नोगुचीचंही असंच. मूळचा शिल्पकार; १९३५ पासून नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहमच्या नृत्यांसाठी नेपथ्य केलं, १९५१ पासून कागदी दिवे घडवले, आणि १९८६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ते दिवे शिल्पांच्या बरोबरीने मांडले. या दोघांनी माध्यमं बदलली, पण बदलताना हातातला प्रश्न खाली टाकला नाही.

“पण मी तसं करते की नुसती पळते, हे मला कसं कळणार?” तिने विचारलं. मलाही हेच हवं होतं.

काही आठवडे तिने एक नोंदवही ठेवली. एक काम सोडून दुसरं हातात घेताना लगेच लिहायचं: आत्ता नेमकं काय चाललं होतं, पुढची पायरी कोणती होती, अंगात काय जाणवलं. डिझायनरच ती, तिने त्याला रंगांचे संकेतही दिले.

नोंदींमध्ये दोन तऱ्हा दिसल्या. छापचित्रात पोत जमेना म्हणून ती मातीकडे जायची, तिथे काहीतरी सापडायचं आणि ते घेऊन परत यायची. ग्रॅहम वॉलस या अभ्यासकाने १९२६ मध्ये सर्जनाचे टप्पे मांडताना तयारी आणि सुचणं यांच्या मधला जो मुरण्याचा काळ सांगितला, तो असा कामात गेला तरी चालतो. दुसरी तऱ्हा मात्र वेगळी होती. काम जवळजवळ पूर्ण, उरलंय ते फोटो काढणं, शीर्षक देणं, किंमत ठरवणं, कुणाला तरी पाठवणं. छातीत आवळल्यासारखं होई, आणि त्याच संध्याकाळी एखादं नवं माध्यम भलतंच खुणावू लागे. तिकडे वळताच जीव हलका व्हायचा. सुटका अशी लगेच मिळाली की मन तीच वाट पुन्हा धरतं. टाळण्याची सवय जडते ती अशी.

वही चाळता चाळता तीच म्हणाली, “नव्या माध्यमात मी नेहमी नवशिकीच असते. नवशिक्याला कोण नावं ठेवणार?”

मग माध्यमं कमी करण्याचा विषयच आम्ही सोडला आणि दाखवण्यावर काम सुरू केलं. आधी एका मैत्रिणीला अपुरं काम दाखवायचं, मग ज्याच्या मताची धास्ती वाटते अशा एका छापचित्रकाराला, मग अर्ज. प्रत्येक पायरीला छाती आवळणार हे गृहीत धरायचं, आणि ते ओसरेपर्यंत नवं काही सुरू करायचं नाही. शिवाय काम बाजूला ठेवताना त्यावर चिठ्ठी लावायची: ‘ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा लेप) पातळ करून पुन्हा बघ’ एवढी बारीकशी. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की काम बदललं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. परत कुठून सुरू करायचं ते लिहून ठेवलं की तो सुटायला मदत होते, हेही त्यांनी पुढे मांडलं.

‘एक निवडा’ हा सल्ला सरसकट चुकीचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कुंभाराच्या चाकावर हात बसायला वर्षं लागतात, तिथे नुसती कल्पना उपयोगी पडत नाही. तिचा हात चाकावर कच्चा आहे आणि तिला ते सलतं. म्हणून चाकाचा वेळ तिने रोजचा ठरवून घेतला. टाक्यांचं काम जेव्हा सुचेल तेव्हा.

त्या दोन ओळींचा रकानाही वहीमुळेच भरला. माती, कापड, छाप, ध्वनी, सगळीकडे ती झिजलेल्या गोष्टींकडेच वळत होती: पुसट झालेले ठसे, विरलेले धागे, खरखरणारा आवाज. पोर्टफोलिओ माध्यमांनुसार लावायचा सोडून तिने तो याच धाग्यावर लावला. कार्यशाळेने नकार कळवला. त्या आठवड्यातल्या भेटीत ती खूप चिडली, थोडी रडलीही, पण नवं माध्यम काही सुरू केलं नाही. पुढे एका समूह प्रदर्शनात तिची दोन छापचित्रं लागली.

पुढच्या भेटीचा विषय तिनेच ठरवलाय: क्लायंटच्या कामाला आठवड्यातले किती दिवस द्यायचे. ते माझ्यापेक्षा तिच्या जमाखर्चाच्या वहीला विचारावं लागेल, हे मी आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा येताना ती वहीही आणणार आहे.