गोकू की सैतामा? वादात उतरण्याआधी

‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू जिंकेल की ‘वन पंच मॅन’मधला सैतामा, या वादात उडी मारण्याआधी समोरच्याला विचार: कुठला सैतामा? मूळ वेबकॉमिकमधला की मुराता यांनी रेखाटलेल्या मांगातला (जपानी कॉमिकमधला)? मांगात गारो या खलनायकाशी लढताना त्याच्या नुसत्या शिंकेने गुरू ग्रहाचा मोठा थर उडून जातो. वेबकॉमिकमध्ये हा प्रसंगच नाही. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या ब्रोलीचंही तेच. 1993 च्या चित्रपटातला वेगळा, 2018 चा वेगळा, आणि दुसऱ्याची कथा खुद्द मूळ लेखक तोरियामांनी लिहिलेली. हे आधी ठरलं नाही, तर तासभर दोघं दोन वेगळ्या पात्रांवरून भांडत बसाल.

ताकदीच्या आकड्यांवर फार विसंबू नकोस. गोकूच्या ताकदीबद्दलचं ‘नऊ हजारांच्या वर’ हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण मूळ जपानीत त्याचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा आठ हजार म्हणतो! गोकूचा गुरू मास्टर रोशी याने तर पहिल्याच स्पर्धेत चंद्र उडवला, आणि पुढे स्काउटरवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) त्याची ताकद भरली फक्त 139. मग 5,30,000 वाल्या खलनायक फ्रीझाने काय काय उडवायला हवं? हिशेब लागत नाही. म्हणून मी पानावर प्रत्यक्ष घडलेलंच पुरावा धरतो.

ताकद आणि करामत यांचीही गल्लत होते. डेथ नोटमधला लाइट एका ठोशात आडवा होईल, पण त्याला समोरच्याचं नाव आणि चेहरा माहीत असेल, तर त्याच्या जादुई वहीत नाव लिहिलं की चाळीस सेकंदांत खेळ खलास. तेव्हा अंतर किती, तयारीला वेळ आहे का, एकमेकांची माहिती आहे का, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.