रुळांवरचे प्रश्न : आमचीच लोकल बाजूला का काढतात?

या महिन्यात आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच मार्गावरून धावतात, तेव्हा थांबायची पाळी दर वेळी लोकलवरच का येते? मी सत्तावीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखली, त्यातली सुरुवातीची कितीतरी वर्षं कागद-पेन्सिलीवर. हा विषय माझ्या फार जवळचा आहे. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देते आहे, कारण ते कळलं की बाकीच्यांची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात.

प्रश्न : रोज सकाळी आमची लोकल मधल्या एका स्टेशनात बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहते. तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही. मग एक्सप्रेस धडधडत निघून जाते. त्यानंतरही आमची गाडी लगेच हलत नाही, आणखी तीन-चार मिनिटं जातात. एक्सप्रेसला स्टेशन ओलांडायला काही सेकंद पुरतात. मग आमची आठ मिनिटं जातात कुठे?

तुम्ही घड्याळ लावून पाहिलंत, हे मला फार आवडलं. त्या आठांपैकी चार मिनिटं एक्सप्रेसच्या आधीची असतात आणि चार नंतरची. दोन्ही वेळा काही ना काही काम चालू असतं, फक्त ते डब्यातून दिसत नाही.

आधीची चार आधी घेऊ. लोकल बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपमध्ये, पूर्ण आत शिरली पाहिजे. तिचा शेवटचा डबाही मुख्य मार्ग सोडून आत आला, याची खात्री झाली पाहिजे. मग सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ, परत सरळ मार्गाला लावून जागच्या जागी अडकवायचे आणि त्यानंतर एक्सप्रेसला सिग्नल द्यायचे. हे सिग्नल ती स्टेशनाजवळ आल्यावर देऊन उपयोग नाही. ताशी १२० किलोमीटरने येणारी गाडी मिनिटाला दोन किलोमीटर कापते आणि तिला थांबायला बरंच अंतर लागतं. चालकाला लांबूनच हिरवा दिसला नाही, तर तो ब्रेक लावणार. एकदा ब्रेक लागला की गेलेला वेग परत मिळवण्यात दोन-तीन मिनिटं सहज जातात.

नंतरच्या चार मिनिटांत एक्सप्रेस पुढचे सिग्नल ओलांडून पुरेशी दूर जायला हवी. तेवढ्यात सांधे पुन्हा लूपकडे फिरतात. मग तुमची लोकल त्या वळणावरून हळूहळू बाहेर पडते. सांध्यावरच्या वळणावर वेगाला मर्यादा असते, तिथे घाई चालत नाही.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. लोकल मुळात बाजूला काढावीच का लागते? यासाठी एक हिशेब मांडते. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण त्यातून दिसतं ते खरं आहे. दुहेरी मार्ग आहे, म्हणजे जायला एक रूळ आणि यायला एक. आपण जाणारा रूळ पाहू. अंतर ६० किलोमीटर. एक्सप्रेस ते अर्ध्या तासात कापते. प्रत्येक स्टेशनात थांबणाऱ्या लोकलला एक तास लागतो. दोन गाड्यांमध्ये कमीत कमी चार मिनिटांचं अंतर ठेवायचं आहे.

त्या रुळावर फक्त लोकल सोडल्या, तर तासाला १५ जातील. फक्त एक्सप्रेस सोडल्या, तरी १५च. आता एक लोकल, एक एक्सप्रेस, अशा आळीपाळीने सोडून बघा. लोकल ८ वाजता निघाली, ९ ला पोचेल. तिच्यामागची एक्सप्रेस ९ वाजून ४ मिनिटांच्या आत पोचता कामा नये, म्हणजे तिने ८.३४ च्या आधी निघायचं नाही. पुढची लोकल ८.३८ ला. अडतीस मिनिटांत दोन गाड्या! तासाला जेमतेम तीन. पंधराच्या जागी तीन, आणि रूळ तेच, सिग्नलही तेच. मी या कामात नवी होते, तेव्हा हा हिशेब पहिल्यांदा स्वतः केला आणि चुकलाय असं समजून पुन्हा पुन्हा केला. तो चुकला नव्हता. रुळावरची जागा खातो तो गाड्यांच्या वेगातला फरक. निव्वळ गाड्यांची संख्या एवढी जागा खात नाही.

आता बरोबर मध्यावर, ३० किलोमीटरवर, एक लूप द्या. ८ ला निघालेली लोकल ८.३० ला तिथे पोचून बाजूला होते. ८.१९ ला निघालेली एक्सप्रेस ८.३४ ला तिच्या शेजारून जाते. लोकल ८.३८ ला पुन्हा निघते. हीच तुमची आठ मिनिटं. त्या बदल्यात पुढची लोकल ८.३८ ऐवजी ८.२३ ला सोडता येते. अडतीस मिनिटांचं चक्र तेवीसवर येतं. तासाला तीनच्या जागी पाचाहून थोड्या जास्त गाड्या. म्हणून त्या लूपमध्ये उभं असताना एवढं लक्षात असू द्या की तुमच्या मागची लोकल पंधरा मिनिटं लवकर निघाली आहे, ती तुम्ही थांबलात म्हणून.

प्रश्न : मग सगळ्या लोकल एकदम सोडा आणि नंतर सगळ्या एक्सप्रेस एकदम सोडा. थांबायचा प्रश्नच मिटला!

रुळाच्या दृष्टीने तुमचं म्हणणं बरोबर आहे. वरच्याच मार्गावर लूप न वापरता ८, ८.०४, ८.०८ ला तीन लोकल आणि मग ८.४२, ८.४६, ८.५० ला तीन एक्सप्रेस सोडल्या, तर ५४ मिनिटांत सहा गाड्या होतात. लूपवाल्या वेळापत्रकापेक्षाही जास्त. पण ८.०८ ची लोकल चुकलेल्या माणसाला पुढची मिळते ८.५४ ला. शेहेचाळीस मिनिटं फलाटावर. आणि ज्या तीन लोकल आल्या, त्यातली पहिली खचाखच भरलेली आणि तिसरी रिकामी.

मालगाड्यांसाठी ही पद्धत ठीक. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला मात्र ठरलेल्या अंतराने येणारी गाडी हवी असते. तो वेळापत्रक पाठ करत नाही, 'दर पंधरा मिनिटांनी असते' एवढंच त्याला माहीत असतं. तासाला दोन गाड्या कमी गेल्या तरी चालतील, पण हा विश्वास मोडू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्यावरून सहकाऱ्यांशी माझे पुष्कळ वाद झाले आणि ते मत आजही बदललेलं नाही.

प्रश्न : सरळ चार रूळ का टाकत नाहीत? दोन लोकलला, दोन एक्सप्रेसला. परदेशात असंच असतं ना?

जिथे गर्दी अफाट आहे, तिथे चार रुळांशिवाय गत्यंतर नाही. जपानने तोक्योभोवती हेच केलं. शहराकडे येणाऱ्या पाच दिशांच्या मुख्य मार्गांवर रूळ वाढवण्याचा मोठा कार्यक्रम तिथे १९६५ पासून राबवला गेला. त्यातूनच १९८० मध्ये तोकाइदो आणि योकोसुका या दोन सेवांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तोवर तोक्यो आणि ओफुना यांच्या दरम्यान त्या एकाच रुळांवरून धावत होत्या. पण हे सोपं नव्हतं. शहर रुळांना अगदी चिकटून वाढलेलं असतं, जागा मिळवता मिळवता वर्षं निघून जातात.

म्हणून मी नेहमी आधी विचारते : पूर्ण लांबीभर चार रूळ खरंच हवेत, की गाड्या एकमेकींना गाठतात नेमक्या तेवढ्याच ठिकाणी? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे धावणाऱ्या कॅलट्रेन या लोकल सेवेच्या मार्गाचं उदाहरण मला फार पटतं. दुहेरी मार्ग होता. बेशोअर आणि लॉरेन्स या स्टेशनांजवळ चार-चार रुळांचे तुकडे बांधले आणि जून २००४ मध्ये 'बेबी बुलेट' नावाच्या जलद गाड्या सुरू केल्या. त्या तुकड्यांमध्ये जलद गाडी हळू गाडीला चालत्या चालत्या ओलांडते, आणि सगळा पल्ला तासाच्या आत कापते. यात गोम अशी की वेळापत्रक आधी ठरवायचं, म्हणजे गाठ कुठे पडते ते कळतं, आणि रूळ नेमके तिथेच टाकायचे. उलट क्रमाने गेलं तर लूप एकीकडे राहतो आणि गाठ दुसरीकडे पडते. तसे लूप मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षं गंजत पडतात.

दुसरा उपाय म्हणजे लोकलच चपळ करायची. वेगातला फरक कमी करायचा असेल, तर एक्सप्रेस हळू करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. लोकलची कमाल गती वाढवून फार फरक पडत नाही, कारण ती गती गाठेपर्यंत पुढचं स्टेशन येतं. फरक पडतो तो सुटताना पटकन वेग घेण्याने, आणि दारं रुंद असली की चढ-उतार लवकर होण्याने. त्याच कॅलट्रेनने २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या जागी विजेच्या गाड्या आणल्या आणि सगळीकडे थांबणाऱ्या गाडीचा वेळ वीसेक मिनिटांनी कमी झाला. वरच्या हिशेबात लोकलचा एक तास ४५ मिनिटांवर आणून बघा. लूप नसतानाचं अडतीस मिनिटांचं चक्र तेवीसवर येतं. जे लूपने साधलं तेच इथे नुसत्या चांगल्या गाडीने साधलं, आणि कुणालाही बाजूला उभं राहावं लागलं नाही.

प्रश्न : एक्सप्रेस स्वतः पंचवीस मिनिटं उशिरा असते, तरी आमची वेळेवरची लोकल तिच्यासाठी अडवतात. हा कुठला न्याय?

या पत्रातला राग मला समजतो. अशी एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. लांबून आलेली एक गाडी उशिरा होती. तिला आणखी उशीर नको म्हणून ओळीने तीन लोकल बाजूला काढायला सांगितलं गेलं. मी चार्टवर, म्हणजे गाड्यांच्या वेळांच्या आलेखावर, तिच्यासाठी जागा करून दिली. एक्सप्रेसने सहा मिनिटं भरून काढली. तीन लोकल मात्र संध्याकाळपर्यंत सावरल्या नाहीत, कारण त्याच गाड्या परतीच्या फेऱ्या करणार होत्या. नोंदवहीत एका नावाजलेल्या गाडीचा उशीर कमी झाला, एवढंच उठून दिसलं. फलाटांवर किती माणसं उभी होती, याची नोंद कुठेच नव्हती. मी त्या दिवशी हरकत घ्यायला हवी होती.

उशीर गाड्यांमध्ये मोजू नये, माणसांच्या मिनिटांत मोजावा, असं मला तेव्हापासून वाटतं. जिची ठरलेली वेळ आधीच चुकली आहे, तिने रिकाम्या जागेतून पुढे जावं. वेळेवरच्या गाड्यांची वाट तिच्यासाठी मोडू नये. स्वित्झर्लंडमध्ये हे कसोशीने पाळतात. जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी सीमेवरच्या बासेललाच संपवतात. पुढचे प्रवासी तिथून वेळेवर सुटणाऱ्या दुसऱ्या गाडीने जातात. त्या प्रवाशांना उतरावं लागतं, त्रास होतोच. पण तो उशीर पुढे देशभर पसरत नाही.

मार्गाचा मालक कोण, यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकेत न्यू रोशेल ते न्यू हेवन या पट्ट्यात गाड्यांचं नियंत्रण मेट्रो-नॉर्थ या लोकल चालवणाऱ्या संस्थेकडे आहे. ॲमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे पाहुण्या म्हणून येतात. त्याच मार्गावर इतर बऱ्याच भागात ॲमट्रॅक मालक आणि लोकल पाहुणी. अशा ठिकाणी कोणी कोणासाठी किती थांबायचं, हे करारात आधीच स्पष्ट लिहिलेलं असावं. ऐन गर्दीच्या वेळी फोनवर ठरवायची ही गोष्ट नाही.

आणि थांबायचंच असेल, तर त्या थांबण्यातून प्रवाशाला काहीतरी मिळावं. जपानमध्ये कितीतरी मार्गांवर लोकल फलाटाच्या एका बाजूला उभी राहते आणि जलद गाडी त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला येऊन थांबते. दारं उघडतात, माणसं चार पावलं चालून इकडून तिकडे जातात. घाई असलेला पुढे जातो. लहान स्टेशनाला जाणारा जलद गाडीतून उतरून लोकलमध्ये बसतो. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभराचं वेळापत्रक ठराविक अंतराने बांधलं, आणि पुढे मोठ्या स्टेशनांत सगळ्या गाड्या साधारण एकाच वेळी भेटतील अशी जुळणी केली. बर्न ते झ्युरिक हा प्रवास एका तासाच्या आत आला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडच्या भेटी साधतात, एवढ्यासाठी नवा मार्ग बांधून २००४ मध्ये तो ५६ मिनिटांवर आणला. एक्सप्रेसला मधे एक थांबा दिला तर तिची तीनेक मिनिटं जातात, हे खरं. पहिल्या पत्रातल्या त्या आठ मिनिटांच्या लूपपाशी मी तो थांबा नक्की दिला असता.

प्रश्न : मी नववीत आहे. गाड्यांचा चार्ट घरी काढता येईल का?

येईल, आणि जरूर काढ. ही पद्धत दीडशेहून जास्त वर्षं जुनी आहे. फ्रान्समध्ये इब्री नावाच्या इंजिनियरच्या पद्धतीने काढलेला पॅरिस-ल्यों गाड्यांचा आलेख एकोणिसाव्या शतकात छापला गेला होता आणि अजून लोक तो कौतुकाने बघतात. चौकटीचा कागद घे. आडवी वेळ, एक चौकट म्हणजे दोन मिनिटं. उभ्या बाजूला स्टेशनं, पण सारख्या अंतरावर नको, खऱ्या किलोमीटरप्रमाणे. मग प्रत्येक गाडीची रेघ काढ. जितकी वेगवान गाडी, तितकी रेघ उभी. एकाच दिशेच्या दोन रेघा दोन स्टेशनांच्या मधे एकमेकींना छेदल्या, तर तसं वेळापत्रक चालणार नाही. हळू गाडीची रेघ आधीच्या लूपमध्ये आडवी कर आणि जलद गाडीला वरून जाऊ दे. खोडरबर जवळ ठेव. लोकलची रेघ एका झटक्यात सरळ ओढू नकोस, प्रत्येक थांब्याला अर्ध्या मिनिटाची बारीक पायरी दे. काढून झाला की मला पाठव.