कोरीवकामाला सुरुवात करतोयस? आधी झाड ओळखायला शिक

लाकूड हातात आलं की मग हे कुठलं म्हणून विचारू नकोस, कापलेल्या ओंडक्यावरून झाड ओळखणं जुन्या माणसांनाही जड जातं, त्यामुळे झाड उभं असतानाच पान, साल, फूल, शेंग बघून ठेव. पांगारा सोपा, एका देठाला तीन पानं, अंगावर काटे, उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलं. लाकूड एकदम मऊ, मुखवटे आणि खेळण्यांना मस्त, पण बारीक नक्षी टिकत नाही, कडा चुरतात. शिवण मात्र मला फार आवडतं, पान हृदयासारखं, फुलं पिवळी, लाकूड हलकं आणि वाळल्यावर कमी वाकतं, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बारीक कामाला काळा कुडा बघ, पान तोडलं की चीक येतो आणि जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या मोकळ्या असतात, हाच फरक लक्षात ठेव. काळ्या कुड्याचं लाकूड पांढरं, गुळगुळीत. बाभूळ सध्या नको, कठीण आहे.

बिब्ब्याला हात लावू नकोस, त्याच्या रसाने कातडी भाजते. कण्हेर विषारी, तिचा चमचा तर अजिबात नको.

आणि उभं झाड तोडू नकोस रे, छाटलेल्या किंवा वादळात पडलेल्या फांद्या मालकाला विचारून घे. आणल्या आणल्या दोन्ही टोकांना मेण लाव, ओंडका मधून उभा फोड आणि अगदी मधोमधचा बारीक गाभा काढून टाक, नाहीतर वाळताना तडा जाणारच. सावलीत ठेव, उन्हात नको.