आवाज कुठून निघतो, कुठे जातो

(या महिन्यातली बहुतेक पत्रं टीव्ही आणि होम थिएटर जोडण्याबद्दल आहेत. सारखी पत्रं एकत्र करून उत्तरं देतोय.)

प्रश्न : काका, बाबांनी २००८ साली हौसेने डीव्हीडीवालं होम थिएटर घेतलं होतं. पाच स्पीकर आणि एक वूफर. गणपतीत नवा ४३ इंची टीव्ही आला. त्याच्या मागे लाल-पांढरी-पिवळी भोकं आहेत. तिथून होम थिएटरच्या ऑक्सला वायर लावली, पण आवाज टीव्हीतूनच येतो. एचडीएमआयने जोडून पाहिलं, तरी तेच. दुकानदार म्हणतात, हे भंगारात द्या आणि साउंडबार घ्या. बाबांना विचारायचं धाडस होत नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : भंगारात अजिबात देऊ नका. सेट चालू आहे, स्पीकर शाबूत आहेत, फक्त वायर चुकीच्या दारात लागली आहे.

टीव्हीच्या मागची ती रंगीत भोकं आत घेणारी आहेत. जुना डीव्हीडी प्लेअर किंवा सेटटॉप बॉक्स जोडायला ती ठेवलेली असतात. डब्बा टीव्हीच्या काळात कित्येक सेटना आवाज बाहेर काढणारी लाल-पांढरी जोडीही असायची, म्हणून आपला हात सवयीने तिकडे जातो. आजच्या टीव्हींवर ती जोडी बहुधा नसते. होम थिएटरचं ऑक्सही बाहेरचा आवाज आत घेणारंच भोक. म्हणजे तुमच्या वायरची दोन्ही टोकं ऐकणारी झाली, बोलणारं कुणीच नाही. एचडीएमआयचंही उलट्या बाजूने तेच झालं. टीव्हीकडून त्याच वायरने आवाज परत पाठवायची सोय, म्हणजे एआरसी, २००९ च्या १.४ आवृत्तीत आली. तुमचा सेट त्याच्या आधीचा. त्याचं एचडीएमआय डीव्हीडीचं चित्र टीव्हीला देण्यापुरतं आहे, टीव्हीचा आवाज ते घेणार नाही.

आता टीव्हीवर हेडफोनचं छोटं गोल भोक आहे का बघा. असेल तर एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर आणा, ती ऑक्सला लावा, काम झालं. टीव्हीचा आवाज पाऊण पट्टीवर ठेवून होम थिएटरचा आवाज बेताचा ठेवा. बहुतेक टीव्हींवर या वाटेने टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर मी आधी हीच वाट सुचवतो, दोन रिमोटांचा गोंधळ त्यांना नको असतो.

हेडफोनचं भोक नसेल तर चौकोनी, छोट्या झडपेचं भोक शोधा. त्यावर ऑप्टिकल किंवा डिजिटल ऑडिओ आउट लिहिलेलं असतं. टीव्ही चालू असताना झडप नखाने आत ढकलली की तांबडा उजेड दिसतो. इथून आवाज उजेडाच्या रूपात निघतो. १९८३ साली तोशिबाने ही जोडणी आपल्या सीडी प्लेअरसाठी काढली आणि ती अजून टिकून आहे. तुमच्या ऑक्सला उजेड कळत नाही, म्हणून मध्ये काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लागतो, डिजिटलचा ॲनालॉग करणारा. तो टीव्हीच्याच यूएसबीवर चालतो.

इथे दोन गोष्टींवर लोक अडतात. पहिली म्हणजे नव्या ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते. काचेसारखी असल्याने ती दिसत नाही आणि वायर आत बसत नाही. मग जोर लावला जातो आणि झडप तुटते. माझ्या टेबलावर अशी तुटलेली झडप महिन्यातून एकदा तरी येते. टोपी काढलीत की पिन टक् आवाज करून बसते. वायर काटकोनात दुमडू नका, आतला धागा मोडतो.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगमधली. ध्वनीच्या यादीत टीव्ही स्पीकरऐवजी ऑप्टिकल निवडा आणि खालच्या डिजिटल आउटपुटला 'पीसीएम' करा. ते 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' राहिलं तर साध्या कन्व्हर्टरला ती भाषा कळत नाही. मग काहीच ऐकू येत नाही किंवा नुसती खरखर येते, आणि चांगला कन्व्हर्टर खराब म्हणून दुकानात परत जातो.

या दोन्ही वाटांनी आवाज दोनच चॅनेलचा, म्हणजे फक्त डावा आणि उजवा असा जातो, पण रिमोटवर 'प्रोलॉजिक' किंवा 'सराउंड' बटण असेल तर ते दाबा. दोन चॅनेलमधला आवाज सेट सगळ्या स्पीकरना वाटणी करून देतो. बाबांना पहिलं गाणं त्यांच्या आवडीचं लावून द्या.

प्रश्न : आमच्या रिसीव्हरला (स्पीकर जोडलेल्या मुख्य यंत्राला) आणि टीव्हीला दोघांनाही एआरसी आहे. वायर नवी आहे, तरी आवाज नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय भोकांपैकी एकावरच एआरसी लिहिलेलं असतं, वायर त्यातच हवी. रिसीव्हरच्या बाजूला ती 'आउट' लिहिलेल्या भोकात लागते. चित्र जिथून बाहेर पडतं तिथूनच आवाज आत येतो, हे डोक्याला उलटं वाटतं खरं. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव ठेवलंय, 'लिंक' किंवा 'सिंक' असा शब्द दिसला तर बहुधा तेच. एवढं करूनही गप्प असेल तर दोन्ही यंत्रं बोर्डावरून बंद करा, पाच मिनिटांनी आधी टीव्ही आणि मग रिसीव्हर चालू करा.

प्रश्न : आईला सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की गाण्यांनी आणि मारामारीने घर हादरतं. ऑप्टिकल जोडलेलं आहे, डॉल्बी लिहून येतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान ठीक आहेत.
– एक वाचक, मालवण

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचलं. ऐकू येत नसलं की माणूस एक-दोनदा 'काय म्हणाला?' विचारतो, मग विचारणं सोडतो आणि एक दिवस त्या खोलीत बसणंही सोडतो. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, म्हणून याला क्षुल्लक समजू नका.

५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्या आवाजात, जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात, संगीत आणि आदळआपट बाकीच्यांना. मधला बंद पडला तर सिनेमा चालू राहतो, फक्त माणसं पुटपुटायला लागतात. आधी त्या स्पीकरला कान लावा. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'टेस्ट टोन' असतो, तो प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने फस्स असा आवाज काढतो. मधल्याच्या पाळीला शांतता असेल तर चोर सापडला.

तुम्ही मालवणचे, म्हणून वायरीकडे विशेष बघा. खाऱ्या हवेत तांब्याच्या उघड्या तारा हिरव्या पडतात. क्लिप दाबून वायर बाहेर काढा. टोक हिरवं-काळं असेल तर अर्धा इंच कापून टाका, नवं तांबं सोला, सगळ्या तारा एकत्र पिळा आणि परत बसवा. लाल लालला, काळा काळ्याला. एकही तार शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. हे सगळं प्लग काढून करा.

स्पीकर ठीक असेल तर तो कुठे ठेवलाय बघा. शोकेसच्या आत, फोटोमागे किंवा रुमालाखाली असेल तर बाहेर, टीव्हीच्या खाली आणा आणि तोंड आईच्या खुर्चीकडे करा. मग 'सेंटर' दोन-तीन डेसिबल वाढवा आणि रात्रीसाठी 'नाइट मोड' लावा, त्याने मोठा आवाज दबतो आणि बोलणं वर येतं. पुढच्या महिन्यात कळवा, मी वाट बघतोय.

प्रश्न : ब्लूटूथने जोडलं की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ब्लूटूथला आवाज बांधायला आणि सोडायला वेळ लागतो. गाण्यांना चालतं, सिनेमाला नाही. वायर लावा.

प्रश्न : टीव्ही जोडल्यापासून वूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो. कुणी सांगितलं, थ्री-पिन प्लगची जाड पिन तोडा.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तोडू नका! ती अर्थिंगची पिन आहे. यंत्रात वीज उतरली तर तिला जमिनीत जायची तीच वाट, नाहीतर ती तुमच्या हातातून जाईल. तो घूं म्हणजे आपल्या विजेचे ५० हर्ट्झ. दोन ठिकाणी अर्थ मिळालेली यंत्रं तारेने जोडली की त्या फेऱ्यातून तो वूफरमध्ये शिरतो. सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा. घूं थांबला तर अर्थ केबलवाटे येतोय, तिथे आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थचा फेरा तोडणारा छोटा जोड, लागेल. थांबला नाही तर टीव्ही आणि होम थिएटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. ऑप्टिकल असेल तर तीच लावा, तिच्यात धातूच नसतो. आणि पिन कुणी आधीच तोडली असेल तर प्लग बदलून मगच बटण दाबा.