दहा ओळी नकोत, एक दुपार पुरे

प्रश्न : मी पाचवी-सहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं अगदी नवशिकी आहेत. सुट्टीनंतर 'माय हॉलिडेज'वर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर बहुतेक वह्यांत एकच मजकूर : 'आय गो टू माय अंकल होम. आय एन्जॉय व्हेरी मच.' एका मुलीने वही कोरीच दिली. म्हणाली, "आम्ही कुठेच गेलो नाही." यांच्याकडून लिहून कसं घ्यावं?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी त्या कोऱ्या वहीचं बघू. त्या मुलीकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार, पण विषयानेच तिला बाहेर ठेवलं. म्हणून विषय बदला, 'सुट्टीतली एक दुपार' द्या. गावाला न गेलेल्या मुलालाही दुपार असतेच. शिवाय अख्खी सुट्टी दहा ओळींत बसवायची म्हटली, की मोठी माणसंही 'खूप मजा आली' म्हणून मोकळी होतात.

लिहिण्याआधी भरपूर बोलून घ्या, मराठीतून चालेल. माझ्या वर्गातला एक मुलगा 'खेळलो' एवढंच सांगून गप्प बसला. कुठे? गच्चीवर. कोणाबरोबर? ताईबरोबर. मग? पाऊस आला. मग? खाली पळालो, पण चेंडू वरच राहिला, ताई आणायला गेली. भिजली? "हो, आणि आई मलाच ओरडली!" हे सांगताना तो बाकावरून उठलाच होता. त्याचं सगळं फळ्यावर आलं : 'वी प्लेड ऑन द टेरेस. इट रेन्ड. वी रॅन डाउन. माय सिस्टर वेन्ट बॅक फॉर द बॉल. शी गॉट वेट. मदर स्कोल्डेड मी!' छोटी छोटी वाक्यं, प्रत्येकात एकच क्रियापद. नवशिक्याला एवढं पुरतं. 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट' पुढच्या खेपेला जोडता येतात.

अनियमित क्रियापदांचा लांबलचक तक्ता पाठ करायला देऊ नका. वेन्ट, सॉ, एट, केम, टुक, बॉट, हॅड आणि वॉज-वेअर एवढ्यांवर सुट्टीचं बरंचसं लेखन निभावतं. बाकीची ज्याला लागतील त्याला त्या वेळी फळ्यावर लिहून द्या.

काही चुका आपल्या मराठीतून येतात, त्या ओळखून ठेवा. आपण सहज 'आम्ही गेलो होतो' म्हणतो, म्हणून मूल 'वी वेअर वेन्ट' लिहितं. 'गेलो नाही'मध्ये भूतकाळ क्रियापदातच राहतो, म्हणून 'डिड नॉट वेन्ट' होतं. तिथे एवढंच सांगा, की भूतकाळ 'डिड'ने घेतला, आता पुढे साधं 'गो'. आणि 'गेलो' म्हटलं की 'मी' न म्हणताही कळतो, म्हणून 'आय' गळतो. याला निष्काळजीपणा समजून रागावू नका. मूल विचार करून लिहितंय, फक्त मराठीच्या नियमाने. भूतकाळासाठी क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या 'ईडी'चंही तसंच. 'प्लेड'मध्ये ड ऐकू येतो, 'हेल्प्ड'मध्ये ट, 'वॉन्टेड'मध्ये चक्क 'इड'. कानाला ट ऐकू आला म्हणून 'टी' लिहिणारं मूल नीट ऐकतंय. त्याला सांगा, उच्चार तीन असले तरी लिहायचं 'ईडी'च.

वही तपासताना पहिल्या खेपेला फक्त क्रियापदं बघा. 'अ', 'द' आणि स्पेलिंग तेव्हा सोडून द्या, जीवावर आलं तरी. पान लालेलाल झालं, की पुढच्या वेळी मूल चुकण्याच्या भीतीने दोनच वाक्यं लिहितं.

आणि गुणांऐवजी खाली एक प्रश्न लिहा, भूतकाळातलाच. 'डिड यू फाइंड द बॉल?' उत्तर पूर्ण वाक्यात मागा. ते वाक्य मूळ मजकुरात योग्य जागी घालून मुलाने सगळं पुन्हा एकदा उतरवून काढायचं. त्या मुलीलाही असाच एक प्रश्न विचारा, पण तिला तो आधी तोंडी विचारा.