संगीत नाटकात भाड्याचा केसांचा टोप गाताना सरकतो. बेळगावात मापाचा करून घेताना काय बघावं?

टोप सरकतो तो बहुधा मापामुळे, त्यामुळे मापाचाच करून घ्या. माप घेण्याआधी तुमचे केस प्रयोगाच्या दिवशी बांधाल तसेच चापून बांधा, नाहीतर सगळं माप फुकट. डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंत आणि डोक्यावरून कानापासून कानापर्यंत, एवढी तीन मापं तरी हवीतच.

खरी कारागिरी पुढच्या कडेत असते. तिथे बारीक जाळीच्या एकेका छिद्रात आकड्याने एकेकच केस गाठवतात. मागच्या भागात एका छिद्रात केसांचा झुपका चालतो. कडेला दाट गाठी दिसल्या तर घेऊ नका, पहिल्या रांगेतून टोप लगेच ओळखू येतो. नायलॉनचे केस दिव्याखाली चकाकतात, स्त्रीभूमिकेला तर खरेच केस घ्या.

लावताना कपाळ स्पिरिटने पुसा, स्पिरिट गम (टोप त्वचेला चिकटवायचा डिंक) लावून चिकट होईपर्यंत थांबा, मग जाळी ओल्या फडक्याने दाबा. वरची तान घेताना जबडा नि कानशिलं हलतात, म्हणून ट्रायल गाऊनच घ्या, नुसतं आरशात बघून नको. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव गुर्लहोसूर याच जिल्ह्यातलं; इथला प्रेक्षक गाणं बारकाईने ऐकतो, तुमचं लक्ष टोपाकडे जाता कामा नये.

खानापूरकडे पावसाळ्यात प्रयोग असेल तर टोप वाळवूनच पेटीत ठेवा.